हवेतली रेघ

आखाडा बाळापूर,
११ मे, सकाळ

चि. संतोष यास ताईचा आशीर्वाद.

प्रवास नीट झाला ना? शेजारच्या निर्मलाबाईंनी चहा दिला असेल. गुडघ्यांमुळे त्या रुपाच्या लग्नाला येत नाहीत, म्हणून पत्र त्यांच्याकडे ठेवलं. घर सुनं कसं, असं त्यांना विचारत बसू नकोस. मीच सांगते.

मागच्या वर्षी आई माझ्या घरी वारली, तेव्हा तू फोनवर म्हणालास, "ताई, निघालो. थांबा." आम्ही थांबलो. ओसरीवर बर्फाच्या लाद्या, त्यावर आई. "काहून थांबवून राहिली गं म्हातारीला?" बाया विचारायच्या. मी म्हणायची, लेकरू विमानात हाय. दिवस कलल्यावर तुझा फोन आला, तिकीट न्हाई भेटलं. मग मडकं भावसिंगनं खांद्यावर घेतलं. तांड्यावरचा तो, आईला मावशी म्हणणारा.

पुढं एकदा रुपानं मोबाइलवर तुझं तेजू ते आपलं नांदेड असं अंतर शोधलं. अरुणाचलातून आपल्यापर्यंत सरळ रेघ आली. दोन हजारांवर किलोमीटर, विमानानं तीन तास. तीन तास! मी तुला नाही नाही ते बोलले. पोरगीच म्हणाली, "आई, ही रेघ हवेतली हाय. असं विमानच न्हाई. मामाला विमानं बदलावी लागतात, मधी मुक्काम पडतो." मला लाज वाटली. तुला माफ करून टाकलं. खरंच केलं होतं.

मग हिंगोलीत तुमच्या दहावीच्या वर्गाचा मेळावा झाला. फोटो फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. गुलाबी फेटे, मधोमध तू. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "निरोप मिळाला आणि दुसऱ्या दिवशी तेजूहून हजर! याला म्हणतात दोस्ती!" नांदेडहून हिंगोलीला जाणारी गाडी आपल्या गावावरूनच जाते रे. तू खाली उतरलासुद्धा नाहीस.

त्याच दिवशी मी ठरवलं.

रुपाचा मामा म्हणून मिरवायची तुला भारी हौस. दुपारी नांदेडला उतरतो, असं तूच कळवलंस. म्हणून आपल्याच दारी, संध्याकाळच्या गोरज मुहूर्ताची पत्रिका फक्त तुझ्यापुरती बनवून घेतली. बाकी सगळ्यांच्या पत्रिकेत सकाळचा मुहूर्त आहे, जवळा बाजारला, नवऱ्या मुलाच्या दारी. तुला कुणी सांगितलं नाही, कारण तू दुसऱ्या कुणाला फोनच करत नाहीस.

"नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं," असं भोंग्यावरून पुकारतील तेव्हा तू हवेत असशील. रुपाच्या पाठीशी भावसिंग उभा राहील. "बाई, तो मान माझा न्हाई," म्हणत होता. मी म्हटलं, "मडकं उचललंस तवाच तुझा झाला."

मला बरं वाटतंय. खोटं कशाला बोलू?

ओसरीवर आईला ठेवलं होतं तिथंच तुझ्यासाठी सतरंजी अंथरली आहे. बर्फ तेवढा मागवला नाही. बस तिथं.

आम्ही निघालो. थांब.

भावसिंगची बहीण,
मंजुषा