अठरा हजार तीनशे साठ

॥ श्री ॥

सुभानपुरा, बडोदे
११ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कारेलीबागेतून इथे यायला स्कूटरवर वीस मिनिटं लागतात आणि मी तुला टपालाने पत्र लिहिते आहे, याचं तुला हसू येईल. येऊ दे. परवा राखीला आलास, दोन वाट्या बासुंदी खाल्लीस आणि मी तोंड उघडायच्या आत रिफंडाचं काय करायचं ते ठरवून मोकळाही झालास. फोनवर तेच. माझं वाक्य अर्ध्यात असतं आणि तू ठेवतो म्हणतोस. कागदाला असं मधेच तोडता येत नाही. आजोबा संस्थानच्या हिशेबखात्यात होते ना, ते घरात भाजीसुद्धा चिठ्ठी लिहून मागवायचे. तेव्हा हे आपल्या घराला धरूनच आहे.

तर आता पहिल्यापासून ऐक. गेल्या वर्षी तू आणि वहिनी सहा महिने टोरांटोला कुशलकडे होतात. बाबांचं दांडिया बाजारातलं घर विकून जी ठेव तू माझ्या नावावर ठेवलीस, तिच्या व्याजावर कर कापू नये म्हणून १५ एच फॉर्म दर एप्रिलला बँकेत द्यावा लागतो. तो गेलाच नाही. बँकेने व्याजावर वर्षभर कर कापला. मला पत्ताही नाही, कारण पावती तुझ्या कपाटात, फॉर्म तुझ्या कपाटात, माझी फक्त सही. ह्यांच्या पेन्शनचा कागद दाखवायला पीयूषभाईंकडे गेले (आमच्या सोसायटीतल्या सगळ्यांची रिटर्नं तेच भरतात), तर त्यांना कॉम्प्युटरवर दिसलं की मासींचे अठरा हजार सरकारकडे पडून आहेत. त्यांनी रिटर्न भरलं आणि पंधरवड्यात माझ्या खात्यात अठरा हजार तीनशे साठ आले. वरचे तीनशे साठ व्याजाचे. सरकारने न मागता व्याज दिलं, दादा.

मला यातून कमोड बसवून घ्यायचा आहे. लिहायला लाज वाटते, पण आता गुडघ्यांनी लाज ठेवलेली नाही. रोज सकाळी उठताना मी नळाला धरून उठते. जूनमध्ये तो नळ माझ्या हातात आला आणि मी भिंतीवर आदळले. तुला तेव्हा सांगितलं होतं. ठेव मोडून थोडे पैसे दे म्हणून तीन वर्षांत तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तू म्हणालास की ठेव मोडली की व्याज बुडतं. आता ठेव मोडायची गरज नाही. प्लंबर साडेसतरा हजार म्हणतो, धरायच्या दांडीसकट. थई जशे, मासी, होऊन जाईल, म्हणून गेलाय.

वहिनींना नमस्कार. रागावून लिहिलं आहे, तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
शालू

॥ श्री ॥

कारेलीबाग, बडोदे
१८ ऑगस्ट २०२५

चि. शालूस,
अ. उ. आ.

पोस्टमनने तुझं पाकीट हातात दिलं तेव्हा लता घाबरली. तिला वाटलं कोर्टाचं काही आलं. तू फोन उचलत नाहीस म्हणून मलाही पत्र लिहिणं आलं. रिफायनरीतून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, इतकी लांब टिपणं मी नोकरीतही लिहिली नाहीत.

फॉर्म राहिला ही चूक माझी. तू सही केलेला फॉर्म कपाटात होता आणि किल्ली माझ्याबरोबर टोरांटोला गेली. हे झालं. पण रिफंड म्हणजे काही लॉटरी नव्हे. ते ठेवीचंच व्याज आहे, वाट चुकून सरकारकडे गेलं आणि परत आलं. ते ठेवीतच गेलं पाहिजे. एकदा काढायची सवय लागली की मग हाताला थांबता येत नाही, हे मी चाळीस वर्षं लोकांच्या पगाराचं पाहिलं आहे.

कमोडचं म्हणशील तर खुर्चीसारखा प्लॅस्टिकचा मिळतो, भोकाचा, दीड हजारात. असलेल्या भांड्यावर ठेवायचा की झालं. लताच्या आईने शेवटपर्यंत तोच वापरला. भिंती फोडून सोसायटीत धूळ कशाला करायची?

आणि दुसरं असं की ६ नोव्हेंबरला ठेवीची मुदत संपते आहे. कुशल तिकडे घर घेतो आहे, त्याला तेव्हा रक्कम लागेल. पंचवीस लाखांच्या वर गेली असेल. त्यात हे अठरा हजार पुन्हा घातले म्हणजे आकडा पुरा होईल. बँकेच्या कागदावर तुझी एक सही लागेल, ती मी भाऊबीजेला येईन तेव्हा घेईन.

गुडघ्यांना तेल लाव. आशीर्वाद आहेतच, कमी पडले तर मागून घे.

तुझा,
दादा

॥ श्री ॥

सुभानपुरा, बडोदे
२२ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा भोकाची खुर्ची वाचून चिडले. दुसऱ्यांदा कुशलचं वाचलं आणि हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. माझ्या संडासासाठी जी ठेव तीन वर्षं मोडता आली नाही, ती कुशलच्या घरासाठी पुरीच्या पुरी निघणार, आणि हे तू मला जाता जाता कळवतोस, जसं काही दूधवाला बदलला! कुशल माझ्याही हातावर वाढलेला आहे. त्याला घर होतंय म्हणून मला आनंदच आहे. पण एकदा विचारलं असतंस तर तुझ्या तोंडाला काय फोड आला असता?

आता एक गोष्ट विचारते, तिचं नीट उत्तर दे. रिटर्न भरताना पीयूषभाईंनी मला विचारलं, मासी, आ आवक तमारी ज ने? म्हणजे हे उत्पन्न तुमचंच ना? मी सवयीने हो म्हणाले. मग त्यांनी खालचा मजकूर वाचून दाखवला. त्यात मी सरकारला लिहून दिलं आहे की वर दाखवलेलं उत्पन्न माझं आहे आणि दिलेली माहिती खरी आहे. त्यावर मला पैसे परत मिळाले. घरी आल्यावर माझ्या डोक्यात हे बसलं ते उठेना. व्याज माझं, तर ज्याच्यावर व्याज मिळतं ते कुणाचं? आणि ते तुझं असेल, तर मी सरकारला खोटं लिहून दिलं आणि अकरा वर्षं तू माझ्याकडून ते देववलंस. आजोबांच्या नातीला हे झोंबतं, नातवाला झोंबत नाही का?

तुझा कर वाचावा म्हणून माझं नाव, हे मला तेव्हाही कळलं होतं. वाचला, चांगलं झालं. पण रजिस्ट्रार ऑफिसात हक्कसोडपत्रावर सही केली तो दिवस मला आठवतो. बाबांच्या घरातला माझा हिस्सा सोडला आणि वहिनींनी साडीचोळी दिली, रीत म्हणून. मोरपंखी साडी. दुसऱ्या धुण्यात तिचा रंग गेला. मी कधी बोलले नाही, आज बोलते आहे.

तेव्हा तो पैसा माझा आहे की नाही, एका ओळीत लिहून कळव. प्लंबरला मी सोमवारी बोलावलं आहे. त्याच्यासाठी मी तुझ्या उत्तराला थांबणार नाही.

लोभ राहो. राहीलच, नाहीतर इतकी शाई कोण वाया घालवतं?

तुझी,
शालू

॥ श्री ॥

कारेलीबाग, बडोदे
१ सप्टेंबर २०२५

चि. शालूस,
आशीर्वाद.

फार छान. अकरा वर्षं ठेव मी सांभाळली, मुदत मी वाढवली, बँकेच्या रांगेत मी उभा राहिलो, आणि शेवटी खोटं बोलायला लावणारा चोरही मीच ठरलो. त्या घराचं छप्पर मी दोनदा घातलं, बाबांचं आजारपण लताने काढलं, तेव्हा हक्काचा कागद कुणी काढला नव्हता. तुला वाऱ्यावर सोडायचं असतं तर तुझं नाव घातलंच नसतं.

कमाटीबागेत माझ्याबरोबर सकाळी फिरणाऱ्या विक्रमसिंह वकिलांना सहज विचारलं. ते चक्क हसले. म्हणाले, जनार्दनभाई, कागदावर तुमचं काहीच नाही. लोकांसमोर हसले. तेव्हापासून मी दुसऱ्या फाटकाने जातो आहे.

एका ओळीचं उत्तर मला आज देता येत नाही. मनःस्थिती ठीक नाही, म्हणून इथेच थांबतो.

दादा

॥ श्री ॥

सुभानपुरा, बडोदे
१५ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कमोड बसला. बिल सोबत आहे, सतरा हजार आठशे. तीनशे फरशीच्या एका तुकड्याचे वाढले. उरलेल्या पाचशे साठांत पीयूषभाईंना पेढे दिले, ते फी घेईनात.

आज सकाळी मी कशालाही न धरता बसले आणि दांडीला धरून उठले. उभी राहिले तेव्हा मला रडू आलं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाला तीन वर्षं मागावं लागावं याचा राग होता तो.

छप्पर तू घातलंस आणि बाबांचं वहिनींनी केलं, हे मी कधी विसरले नाही. तुला चोर मी म्हटलेलं नाही, तो शब्द तुझा आहे. मी एक ओळ मागितली होती, ती अजून आलेली नाही. दसऱ्याला सोनं द्यायला ये. भांडण चालू ठेवूनही येता येतं.

लोभ आहे, तो मुदतठेवीसारखा अडकवून ठेवू नकोस.

शालू

॥ श्री ॥

कारेलीबाग, बडोदे
५ ऑक्टोबर २०२५

चि. शालूस,
अ. उ. आ.

दसऱ्याला तुझ्याकडे आलो तेव्हा मी तुझी ती नवी सोय वापरली, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. उजवा गुडघा माझाही गेला आहे, घरात कुणाला सांगितलेलं नाही. उठताना तोंडातून आवाज आला नाही. दांडी चार बोटं खाली हवी होती, पण काम चांगलं आहे. बाहेर येऊन तुला काही बोलणार होतो, तू पोळी वाढत होतीस, राहून गेलं.

घरी येऊन कपाट काढलं. हक्कसोडपत्र वाचलं. वाचून, समजून, स्वखुशीने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय सही करत आहे, असं त्यात लिहिलं आहे. मजकूर मीच सांगितला होता. तू तेव्हा कागद हातात घेऊन पहिल्या पानावर थांबली होतीस, आणि मी म्हणालो होतो की सही कर आधी, कारकुनाची जेवायची सुट्टी होते आहे. हे मला इतकी वर्षं आठवलं नव्हतं, किंवा मी आठवू दिलं नव्हतं.

त्याच खणात तुझ्या सह्या केलेले कोरे फॉर्म निघाले. सात. वेळेला असावेत म्हणून तुझ्याकडून घेऊन ठेवलेले. खाली तुझी सही आणि वर सगळं रिकामं. ते बघून मला बरं वाटलं नाही. सातही फॉर्म आणि ठेवीची मूळ पावती या पाकिटात घातली आहे, म्हणून रजिस्टर्ड करतो आहे.

तुझी ओळ. तो पैसा तुझा आहे.

कुशलला अजून काही कळवलेलं नाही. त्याला मी शब्द दिला होता. लता दोन दिवस धड बोलत नाही. माझी चिडचिड होते आहे आणि ती कुणावर काढावी हे समजत नाही, म्हणून फार लिहीत नाही.

आशीर्वाद पूर्वीइतकेच आहेत, मोजायला बसू नकोस.

तुझा,
दादा

॥ श्री ॥

सुभानपुरा, बडोदे
१४ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट पोचलं. ठेवीची पावती मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्यावर माझं नाव इतकं ठळक छापलं आहे हे मला ठाऊक नव्हतं. सात फॉर्मांतले सहा फाडून टाकले. यंदाचा फॉर्म अजून गेलाच नव्हता, म्हणून सातव्याचा वरचा भाग मी स्वतः भरला, पीयूषभाईंना विचारून विचारून, आणि काल बँकेत जाऊन देऊन आले. ६ नोव्हेंबरला ठेव मोकळी होईल तेव्हा निम्मी रक्कम तुझ्या खात्यात जाईल. ती ठेव परत केलेली नाही, भेट आहे. बहिणीकडून भावाला. कुशलला तसंच सांग, की आत्याने दिले. उरलेले निम्मे माझे. त्यांचं काय करायचं ते मी ठरवीन, ठरवायला वेळ लावीन, आणि वाटलं तर सगळे उधळीन.

बाकीच्या निम्म्यावर तुझा काही हक्क नाही असा एक कागद केला आहे, तो सोबत आहे. मजकूर माझा आहे, छप्पर आणि बाबांचं आजारपणही त्यात लिहिलं आहे, म्हणजे कुणी विसरायला नको. येत्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी भाऊबीज आहे. वहिनींना घेऊन ये. बोलत नसल्या तरी आण, मी बोलते करीन. दांडी चार बोटं खाली घ्यायला सांगितली आहे.

रीत म्हणून तुला एक शर्टपीस घेऊन ठेवला आहे. मोरपंखी. दुकानदाराने रंग जाणार नाही असं सांगितलं आहे. कागदावर सही करून आण. पण आधी सबंध वाच, दादा, शेवटच्या ओळीपर्यंत. कुणाचीही जेवायची सुट्टी होत नाही आहे.

लोभ असावा, आता बरोबरीने.

तुझी,
शालू