जप्तीच्या विड्या

४ फेब्रुवारी १९६३. सोमवार.
आजपासून माझी विडी बंद. कायमची.
आमच्या नव्या डॉक्टरसाहेबांनी टी.बी. वॉर्डाच्या दारावर ‘धूम्रपान सक्त मना’ अशी पाटी लावली. अंमलबजावणी माझ्याकडे. ज्या पेशंटजवळ विडी सापडेल त्याचे नाव कापायचे, खाट दुसऱ्याला द्यायची. मी सात वर्षांपासून टेम्पररी ड्रेसर, म्हणजे मलमपट्टीवाला. साहेब म्हणाले, सदाशिवराव, हे काम नीट करा, परमनंटची शिफारस करतो. बोलताना त्यांच्या तोंडात सिगारेट होती. पण ते ऑफिसात होते. ऑफिस म्हणजे वॉर्ड नव्हे.

५ फेब्रुवारी.
तपासणी केली. उशीखाली, पायजम्याच्या नेफ्यात, औषधाच्या रिकाम्या बाटलीत. भरपूर माल निघाला. नाव कोणाचेच कळवले नाही. मी कडक आहे, दुष्ट नाही. सगळ्या विड्या ड्रेसिंगच्या कपाटात. किल्ली माझ्याकडे.
संध्याकाळी एक ओढली. जप्तीचा माल तपासून पाहावा लागतो.

७ फेब्रुवारी.
नीट विचार केला. सोडणे म्हणजे विकत न घेणे. या हिशेबाने मी सोडलेलीच आहे. बायकोला सांगितले. सत्यभामा म्हणाली, “मंग तोंडाचा वास कायचा येऊन राह्यला?” बाईमाणसाला नियम समजावणे कठीण.

१४ फेब्रुवारी.
कपाट रिकामे. पेशंट सुधारत चालले आहेत. पट्टी बांधताना विडीवाचून डोके फुटेल असे वाटते.
सगळी भिस्त उकंडावर होती. राजूरच्या कोळशाच्या खाणीतला माणूस, रोज एक बंडल. त्याची बायको मथुराबाई व्हरांड्यात चूल मांडून राहते, तीच आणून द्यायची. आज उशीखाली काहीच नाही. विचारले तर म्हणतो, “सोडली भाऊ. सुयांनं गुण येऊन राह्यला, रगत बंद झालं. आता कायले ओढू?”
अभिनंदन केले. मग बाहेर येऊन बराच वेळ भिंतीला टेकून उभा राहिलो.

१७ फेब्रुवारी. रविवार.
एस.टी. स्टँडवर बंडल घेतले. स्वतःसाठी नाही, वॉर्डासाठी. उद्या पहाटे उकंडा झोपेत असताना त्याच्या उशीखाली सरकवायचे, दुपारच्या तपासणीत जप्त करायचे. सगळे नियमात बसते.

१८ फेब्रुवारी.
घात झाला. साहेब सकाळीच राउंडला आले आणि उशी त्यांनी स्वतः उचलली. उकंडाने आधी बंडलाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी पट्टी गुंडाळत राहिलो.
नाव कापले. उद्या नऊच्या गाडीने घरी. त्याच्या सुयांचे दोन महिने बाकी आहेत आणि राजूरला सुई देणारे कोणी नाही. मथुराबाई सगळ्यांच्या पाया पडली. माझ्याही.
दुपारी उकंडाजवळ गेलो. तो हळूच म्हणाला, “मले समजलं भाऊ. मी काई बोललो नाई. तुमचे लेकरं लहान हायेत.” त्याने शिवी दिली असती तर बरे झाले असते. जेवण गेले नाही.
उद्या सकाळी साहेबांना सगळे सांगणार. नोकरी गेली तरी बेहत्तर. गेली तर खायचे काय, हा प्रश्न आहे. पण सांगणार.

१९ फेब्रुवारी.
पावणेनऊला ऑफिसात गेलो. उकंडा आणि मथुराबाई बोचके घेऊन फाटकाशी बसलेले. साहेब खुशीत होते. मला खुर्ची दिली. म्हणाले, वॉर्डात शिस्त आणलीत, शिफारस आजच पाठवतो. मी म्हणालो, साहेब, एक सांगायचे आहे. त्यांनी सिगारेटचे पाकीट पुढे केले. म्हणाले, आधी पेटवा.
पेटवली. पाच-सहा दिवसांनी धूर छातीत गेला, डोळ्यांत पाणी आले. ठरवले, ही संपली की सांगायचे. साहेबांनी दिलेली अर्ध्यावर विझवणे बरे दिसले नसते. दमादमाने ओढली. संपली तोवर साहेब ऑपरेशनला उठले.
धावत बाहेर आलो. फाटकाशी कोणी नव्हते, त्यांची नऊची वणीची गाडी गेली होती. उकंडाची खाट धुऊन उन्हात ठेवली होती आणि तिच्याजवळ एक नवा पेशंट पदराने तोंड झाकलेल्या बायकोला घेऊन उभा होता. त्याने विचारले, “साहेब, हेच का माही खाट?”
मी हो म्हणालो.