पॅरिस बघून आलेला माझा डबा

दौंड, ५ मे १९७४
मंदाचं नक्की झालं. पॅरिस! कारखाना वसंतरावांना नवं मशीन शिकायला पाठवतोय, आणि सोबत बायको. माझी धाकटी बहीण. शाळेत चित्रकलेत जेमतेम पास. आणि मी बारा वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवतेय, तिथल्या म्यूझियममधली चित्रं पुस्तकात बघून बघून पुस्तकाची शिवण उसवली. चणे आहेत तिथं दात नाहीत.
यांना सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बरं झालं की." बरं काय झालं!

११ मे
मंदा शिरूरहून आली, बरोबर न्यायचं खाणं घ्यायला. तिकडं कशात काय घालतात कळत नाही म्हणे. बाजरीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, शंकरपाळे. माझ्या लग्नातला स्टीलचा डबा भरून दिला, झाकणावर 'सौ. कमल' घातलेला. मनातलं ओठावर आलंच. म्हटलं, "डबा हरवलास तर दारात उभी करणार नाही." ती हसली. मी थट्टा करत नव्हते.
मग पुस्तक काढून ते चित्र दाखवलं. खिडकीशी बसलेली बाई, खांद्यावर शाल. छपाई काळी-पांढरी. शाल निळी म्हणून मी मुलांना सांगत आलेय, निव्वळ अंदाजानं; तेही तिला सांगितलं. म्हटलं, "एवढं एकच काम कर माझं. शालीचा रंग बघून ये."
"व्हय गं ताई, बघते की. त्यात काय!"
त्यात काय म्हणे.

३ जून
मंदाचं कार्ड. पुढं नदी, पूल, मनोरा. मागं गिचमिड अक्षर. होडीतून फिरली. कांद्याचं सूप, वर चीज, 'वास मोज्यांचा पण चव चांगली'. रस्त्यावर खुर्च्या टाकून कॉफी. स्ट्रॉबेरीची पेस्ट्री, रोज एक! नऊ वाजले तरी उजेड. उद्या म्यूझियम.
इथं वारा पडलेला, अंगाची लाही. दोडक्याची भाजी केली. हे मिटक्या मारत जेवले. मला घास उतरेना. जळफळाट म्हणतात तो हाच. इथं लिहिते, कारण सख्ख्या बहिणीबद्दल असलं कुणाला सांगायचं?
एव्हाना ती त्या बाईसमोर उभी राहूनही आली असेल. पेस्ट्री खाऊन.

२३ जून
दोघं आली. मंदा गोरी झालीय, की मलाच तसं वाटतंय. डबा परत मिळाला, काठोकाठ भरलेला. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून हॉटेलाहॉटेलातले साखरेचे चौकोनी तुकडे साठवले होते तिनं, एकेक कागदात गुंडाळलेले.
पाणी द्यायच्या आधी शालीचं विचारलं.
"निळी," मंदा म्हणाली. "निळीशार."
म्हणजे इतकी वर्षं माझं बरोबर होतं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझा अंदाज, आणि तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. मोरीत जाऊन तोंड धुतलं, डोळे लाल दिसायला नकोत.

२ जुलै
आठवीला ते चित्र दिलं. सांगितलं, माझ्या बहिणीनं शाल स्वतः पाहिलीय, निळीशार आहे. सगळ्यांनी निळी रंगवली. चित्रं वर्गात भिंतीवर लावली. सांगताना अभिमान पण वाटला, मेला.

१४ जुलै
माहेरी, कवठे येमाईला. मंदा, वसंतराव पण. जेवताना आबांनी विचारलं, "मंदे, त्या म्यूझियममदी काय काय बघितलंस?"
वसंतराव हसायला लागले. "ही कुठं आत आली, आबा? दारावरचा शिपाई डबा ठेवून घेत हुता, बिल्ला देत हुता. हिनं दिलाच न्हाई. मी बघून येस्तवर पायरीवर बसून, डबा मांडीवर!"
मी मंदाकडं वळले.
मंदा खाली मान घालून म्हणाली, "ताईचं नाव हाय त्याच्यावर. परक्याच्या हाती कसा सोडायचा? गेला असता म्हंजी?"
"मग निळी कशावरून सांगितलंस?"
"तू निळी म्हंतीस म्हणून. तुला बरं वाटंल म्हणलं."
वसंतरावांना विचारलं, तर त्यांना शालवाली बाई आठवेना.
आबा म्हणाले, "दोघी बी येड्या."
उन्हाळाभर मी जिच्यावर जळले, तिनं ते पाहिलंच नाही. माझ्याच डब्यापायी. आता राग काढायचा कुणावर...

१५ जुलै
कालचं थोडं राहिलं. परतताना शिरूर स्टँडवर मंदा मला दौंडच्या गाडीत बसवायला आली. खिडकीशी उभी राहून म्हणाली, पुढच्या साली वसंतरावांना परत पाठवतील बहुतेक. "या खेपंला बिनडब्याची जाते. शाल बघूनच येते, ताई."
माझ्या तोंडून निघून गेलं, "नको. माझ्याआधी आत जाऊ नकोस."
बोलले आणि जीभ चावली. पण ती रागावली नाही.
"बरं. बसंन भाईर," म्हणाली. "पण तू कवा येणार?"
गाडी सुटली.
आज वर्गात गेले. भिंतीवर सगळ्या शाली निळ्या. अजून काढल्या नाहीत.