मागील दारच्या टँकसह घराची व्यवस्था

मी, मालिनी हरिश्चंद्र पाष्टे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार मिरजोळे, रत्नागिरी, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत. डोके आणि कान शाबूत आहेत. कानांबद्दल पुढे येईलच.

१. राहते जांभ्याचे घर, परस आणि परसातील सेप्टिक टँक सून दीपाली हिला द्यावा. मुलगा विनोद याला घर देत नाही. राग नाही, तो हाकेसरशी धावणारा आहे, म्हणून. बँकेतील ठेव आणि त्याच्या वडिलांची मोटारसायकल त्याची.

२. या टँकमध्ये माझे दीर काशीराम पडलेली बादली काढायला उतरले. "वैनी, दोरी टाक गो," एवढेच म्हणाले आणि आतल्या वायूने गेले. सासूबाईंनी झाकणावर राखणदाराचा दगड बसवला. दर शिमग्याला आम्ही तिथे नारळ दिला, झाकण मात्र कुणी उघडले नाही. राखणदार मैला उपसत नाही. टँक गच्च भरला, पाणी न्हाणीत उलटले. यजमानांनी दगड बाजूला केला आणि बांबूने आत ढोसू लागले. मध्येच थांबून म्हणाले, "काशा हाक मारतोय." आणि उतरले. तेही गेले.

३. दगड आता आंब्याखाली आहे, नारळ तिथेच द्यावा. टँक दोन-तीन वर्षांनी गाडी बोलावून, बाहेरून पाइप सोडून उपसावा. कुणालाही आत उतरू देऊ नये, तो स्वतः हौसेने तयार असला तरी. दिवा सोडून पाहू नये, वायू पेटतो. ॲसिड, फिनेल ओतू नये; मैला कुजवणारे जंतू मरतात. शोषखड्ड्यावर गाडी लावू नये. थर मोजायची माझी कापड गुंडाळलेली काठी दीपालीने घ्यावी.

४. शेजारी राजाभाऊ यांना माझी कुठलीही वस्तू देऊ नये. वास येतो म्हणून त्यांनी आमच्या टँकच्या हवानळीच्या तोंडाला गोणपाट बांधले होते. मी ते सोडले. तेव्हापासून आवाज स्वच्छ येतो.

५. पावसाळ्यात नळीतून यजमान म्हणतात, "मालू, दोरी टाक गो." मी म्हणते, "जिवंतपणी ऐकलंत का माझं? आता बसा तिथंच." मला सवय आहे. पण गेल्या पावसाळ्यात विनोद परसात थबकला. "आई, बाबा काय मागतायत गो?" मी त्याला यातले काही सांगितले नव्हते. तो पडवीत दोरी शोधू लागला. ती मी चुलीत घातली.

६. माझ्यानंतर त्या नळीतून माझा आवाज येईल. विनोदने ध्यानात ठेवावे, मी त्याला कधी 'बाळा' म्हटलेले नाही. 'बाळा' अशी हाक आली तर ती मी नव्हे. 'विन्या' अशी आली तर मीच असेन. तरीही उतरायचे नाही. वर उभे राहून एकदा "नाही, आई" म्हणावे. मी ऐकेन.

मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली. वाचताना मागचे दार लावून घेतले होते.

सही: मालिनी हरिश्चंद्र पाष्टे

साक्षीदार:
१. गुरुप्रसाद शिवराम धनावडे (सही)
२. मनस्विनी अनंत भुवड (सही)

मिरजोळे, रत्नागिरी
४ फेब्रुवारी २०२५