उजेडाचा कान पिळणारी

बोरगाव मेघे, शनिवार

प्रिय नंदिनी,

जय भीम. हे पत्र शेजारची कौशल्याबाई लिहून राह्यली. मी बोलते तसंच लिही म्हटलं, तर ही अंगणवाडीची रिटायर बाई माझं बोलणं धुऊन, इस्त्री करून कागदावर टाकते. चहा मिळणार नाई असा दम दिला, तेव्हा थोडी वळणावर आली. तू आता नागपूरच्या होस्टेलात पेटी भरत असशील. म्हातारीचा खुबा मोडला, तिच्याजवळ कोणी नाई, म्हणून संशोधन सोडून घरी यायचं, हे तू ठरवलं. मले विचारलं नाई. तुझी आई गेल्यापासून मीच तुले वाढवलं, म्हणून हा हट्ट कोणाचा उचलला हे विचारायची सोय नाई.

पाय बरा आहे. वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाते, वाटेत कौशल्याबाईच्या सुनेची चौकशीही करून घेते. काल नागपूरले निघताना तू पोह्यांत मीठ टाकायचं विसरली, मी मुकाट्यानं खाल्ले. एवढी शिकलेली पोर माझ्यापायी गॅसपुढं उभी राहणार, तर निदान पोहे तरी जमायले पाहिजे होते.

खरं सांगू? मागच्या आठवड्यापासून माझं मन तुझ्या कॉलेजच्या त्या अंधाऱ्या खोलीतच आहे. नागपूरच्या डॉक्टरले पाय दाखवून झाला अन् तू म्हणाली, आजी, कॉलेजचं ओळखपत्र परत द्यायचं आहे, जाता जाता एक गोष्ट दाखवते. दोन काचा, अन् मधात कसलासा पातळ थर. मले वाटलं, काचेवर चहाचा डाग राह्यला. तू निळा दिवा लावला अन् तो डाग लाल पेटला. पेटला म्हणावं तर धूर नाई, आच नाई. मग तू बटण फिरवलं. लाल दबला, गडद झाला, जसा कोणी त्याचा कान पिळला. बटण मागं नेलं, पठ्ठ्या पुन्हा हजर! तू दिवाच कमीजास्त करून राह्यली असं वाटून, आजीशी लबाडी करू नको, म्हटलं मी. तू हसली. दिव्याले तू हातही लावला नव्हता. वीज त्या थरातल्या बारीक कणांत शिरतही नव्हती म्हणे, नुसती दोन्ही काचांवर उभी राहून ओढत होती.

तू समजावलं ते मी अजून चघळून राह्यली. कण एवढाले बारीक, की कापसाच्या एका तंतूच्या जाडीत हजारो ओळीनं बसतील. कणानं उजेड खाल्ला की आतला इलेक्ट्रॉन जागा सोडून उठतो, रिकाम्या जागेवर परत बसला की उजेड बाहेर टाकतो. विजेनं ओढलं की तो एकीकडं अन् जागा दुसरीकडं. भेट लांबते, उजेड मंदावतो. अन् कण लहान केला तर तोच माल हिरवा उजेड देतो. रंग टाकायचा नाई, नुसतं लहान करायचं! मी जन्मभर कापूस वेचला, बोंड लहान म्हणून कापूस हिरवा निघालेला पाह्यला नाई.

तेव्हाच माझ्या हातांनी घात केला. माझ्या बानं छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आम्ही शेंदराच्या दगडापुढं, दिवेलागणीच्या दिव्यापुढं हात जोडले नाई. अन् त्या चहाच्या डागापुढं माझे दोन्ही हात आपोआप जुळले. तुझं संशोधन पाहणाऱ्या मॅडमनं पाह्यलं. मी पदर सारखा करायचं नाटक केलं. घरी आल्यावर वाटलं, लाजायचं काऊन? आपल्या घरातली पोर बटण फिरवते अन् उजेड तिचं ऐकतो, हे पाहून हात जुळले तर बाबासाहेब रागावणार नाईत.

मॅडमनं तुझं ओळखपत्र घेतलं नाई. परवाच्या सोमवारपर्यंत तुझी जागा ठेवते, म्हणाल्या. तू ते टेबलावर ठेवलं अन् माझी चाकाची खुर्ची ढकलत निघाली. घरी येताना बुटीबोरी मागं पडलं तरी तू खिडकीबाहेरच पाहत होती. मी झोपेचं सोंग घेतलं.

आता हे पत्र काऊन, ते ऐक. कौशल्याबाई याचा फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवते. तू वाचशील तोवर गावातल्या रूपरावच्या गाडीनं मी जाम गाव ओलांडलं असेल. माझी धाकटी बहीण आनंदाबाई केव्हापासून समुद्रपूरले बोलावते. मी गेली नाई, कारण ती दिवसभर टीव्ही लावते अन् मले अजून कामं सांगते. आता सांगू दे. बोरगावच्या घराले कुलूप लावलं, किल्ली माझ्या कनवटीले आहे. तू आलीस तर ओट्यावर बसशील. कौशल्याबाई पाणी देईल, झोपायले जागा देणार नाई, तसा शब्द घेतला तिच्याकडून. लिहिताना डोळे पुसून राह्यली, पण शब्द दिला. तू पेटी उघड अन् सोमवारी मॅडमपुढं उभी राहा. फोन मात्र करू नको. माझा आवाज ऐकला की तू परत येशील, अन् तुझा ऐकला की मी.

तुझीच, घराले कुलूप लावून निघालेली
आजी, कमलाबाई