पुरायच्या राहिलेल्या तारा

ठाकूरसा, खम्मा घणी.

लेकाच्या लग्नाला तुम्ही शहरातून बाजेवाले आणलेत आणि अब्बांना फाटकातूनच परत पाठवलंत. तुमच्या बावीस पिढ्या त्यांना तोंडपाठ आहेत. घरी येऊन त्यांनी आपल्या वाद्याच्या, कमायच्याच्या, आतड्याच्या तिन्ही तारा उतरवल्या. आम्ही मांगणियार गवई आमचा पिढीजात आश्रयदाता, जजमान, सोडतो तो असाच. तारा त्याच्या उंबऱ्यापुढे पुरल्या, की त्या घरी आमच्यातलं कोणी गात नाही. जन्माला नाही, मरणालाही नाही.

पुरायला मला पाठवलं. मी खड्डा खणत होतो, तेवढ्यात तुमच्या आई, मांसा, बाहेर आल्या.

"काय रे हाकम, उंदीर शोधतोयस? ऊन बघ किती. आधी ताक पी."

मी ताक प्यालो. त्यानंतर तारा पुरायला हात होईना. खड्डा बुजवून परत आलो.

"पुरल्यास?" अब्बांनी विचारलं. मी हो म्हणालो.

तेव्हापासून ते दारात बाजेवर बसून तुमची वाट बघतात. "येईल. पागोटं हातात घेऊन माफी मागायला येईल," म्हणतात.

"चालत येतोय वाटतं," अम्मा म्हणते. "गाडी असती तर आठ दिवस लागले नसते."

मुळात तुम्हाला काही ठाऊकच नाही, तर तुम्ही याल कशाला? हे पत्र धाडलं तर अब्बांना माझं खोटं कळेल. तारा माझ्या खिशात आहेत. ताण नसल्यानं वाळत चालल्यात, काल एक चिरली.

रस्त्यावर धूळ उडाली की अब्बा उठून उभे राहतात. मीही राहतो.

अजून तुमच्याच घरचा,
हाकम