ढब्बूची वार्षिक तपासणी

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझी तब्येत चांगली असणारच, कारण तू कधी कुरकुर करत नाहीस आणि आम्ही विचारेपर्यंत फोन चालू ठेवत नाहीस. फोनवर तू आधी ढब्बूची चौकशी करतोस, म्हणून आधी त्याचंच लिहिते. (परगावी जाताना तू 'बाबांना सोबत' म्हणून जे पिल्लू ठेवून गेलास, ते आता सोफ्याच्या दोन जागा अडवतं. तिसऱ्या जागेवर बाबा. मी खुर्चीवर.)

तुझ्या हुकुमाप्रमाणे परवा त्याला वार्षिक तपासणीला नेलं. बाबाही आले. स्वतःच्या तपासणीचा विषय काढला की त्यांना ऐकू येईनासं होतं, पण याच्या लसीची तारीख तोंडपाठ. ढब्बू वजनकाट्यावर चढेना, तेव्हा बाबांनी आधी स्वतः चढून दाखवलं. (डॉक्टरीणबाईंनी तो आकडाही हळूच वाचला, हे मला नंतर आठवलं.)

बाईंनी दात पाहिले, कान पाहिले, पोट चाचपलं, रक्त घेतलं, रेबीजची लस टोचली आणि काही तक्रार आहे का विचारलं. मी नाही म्हणणार, तोच बाबा म्हणाले, "जिना चढताना त्याला धाप लागते." (ढब्बू जिना चढत नाही, उडतो.) "तहान फार लागते. पायांना मुंग्या येतात."

बाईंनी पुन्हा सगळं तपासलं. कुत्रा ठणठणीत.

"नीट बघा," बाबा म्हणाले, "हल्ली त्याला पेपरातली अक्षरंसुद्धा पुसट दिसतात."

मला हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "घरी सांगितलंय त्याने?"

"नाही. मुलगी दमून येते. तिच्यामागे अजून एक काम कशाला?"

मी शेजारीच पट्टा धरून उभी होते, दादा.

"त्याला माणसांच्या डॉक्टरांकडे न्या," बाई म्हणाल्या. "लांबवू नका."

मी दोघांना तडक समोरच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नेलं. तिथल्या माणसाने कुत्र्याला दारातच अडवलं. मी म्हटलं, मी याला घेऊन बाहेर थांबते. तर बाबा म्हणाले, तो एकटा पडेल, आणि त्याला घेऊन घरी चालते झाले. त्याच्यासोबत मी असणार होते, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तुझी,
(पिल्लू येण्याआधीपासून घरात असलेली) धाकटी

ता. क. ढब्बूचे दात, कान, रक्त, सगळं उत्तम आहे. म्हणजे आता फोनवर विचारण्यासारखं तुझ्याकडे काही उरलेलं नाही.

आणखी एक ता. क. बाबा म्हणतात, दादा आला तर जाऊ तपासायला. मी त्यांना सांगून बसले आहे की तू रविवारी येतोयस. काल त्यांनी केस कापून घेतले. येणार नसशील तर त्यांना तूच कळव, माझ्याच्याने ते होणार नाही.